मक्याचा उतारा आणि सातबाराचा उतारा : सोलापूरच्या अल्पभूधारकाचे गणित

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर केला. आदल्या वर्षी तो २,२२५ रुपये होता. कागदावर १७५ रुपयांची वाढ झाली. पण खरिपाचा मका बाजारात आला तेव्हा दर हमीभावाच्या खाली घसरले होते. शेजारच्या कर्नाटकात मका उत्पादक रस्त्यावर उतरले. आपल्या सोलापूर जिल्ह्यात बहुतेकांनी मिळेल त्या दराला माल देऊन टाकला, कारण देणी थांबत नाहीत आणि ओला मका घरात टिकत नाही.

दर पडले की एक सल्ला हमखास ऐकू येतो : "एकरी उत्पादन वाढवा, म्हणजे परवडेल." सल्ला चुकीचा नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की छोट्या शेतकऱ्याचे उत्पादन कमी येते ते त्याच्या अज्ञानामुळे, आळसामुळे किंवा जुन्या सवयीमुळे. आमचा आक्षेप या गृहीतकाला आहे. दोन-अडीच एकरवाल्या शेतकऱ्याच्या मक्याचा उतारा कुठे आणि का अडतो, हे टप्प्याटप्प्याने पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. आपल्या समाजातील बहुसंख्य जमीनधारक याच गटात मोडतात, म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

मका सोलापुरात का वाढला

सोलापूर हा पर्जन्यछायेतला जिल्हा आहे. पावसाळ्यातला सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. म्हणूनच इथे रब्बी ज्वारी रुजली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि मालदांडीचे नाव राज्यभर आहे. उजनी धरण झाले आणि भीमेच्या दोन्ही काठांवर ऊस पसरला. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर राज्यात आघाडीवर गेला.

या दोन टोकांच्या मध्ये मका आला. उसाइतके पाणी लागत नाही, ज्वारीपेक्षा उत्पादन जास्त, तीन-साडेतीन महिन्यांत मोकळा होतो आणि जनावरांना वैरण मिळते. माळशिरस, माढा, करमाळा, पंढरपूर, सांगोला या तालुक्यांत दुधाचा धंदा वाढला तशी मुरघासाची मागणीही वाढली.

त्यात भर पडली इथेनॉलची. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. पुढच्याच महिन्यात तेल कंपन्यांनी मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ५ रुपये ७९ पैसे प्रोत्साहन दिले आणि त्याचा दर ७१ रुपये ८६ पैसे झाला. मार्च २०२५ मध्ये सहकारी साखर कारखान्यांना मका आणि खराब धान्यावरही चालतील असे इथेनॉल प्रकल्प उभारण्यासाठी व्याज सवलतीची योजना आली. ज्या जिल्ह्यात एवढे कारखाने आहेत, तिथे मक्याला दारातच गिऱ्हाईक मिळेल, अशी आशा निर्माण झाली.

मग २०२५ मध्ये दर का पडले? देशात मक्याचे क्षेत्र आणि उत्पादन दोन्ही वाढले. शिवाय अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला २,२५० रुपयांनी उपलब्ध करून देण्यात आला. तांदळातून मक्यापेक्षा जास्त इथेनॉल निघते. प्रकल्पाला स्वस्त तांदूळ मिळत असेल तर तो मक्याला २,४०० रुपये कशासाठी देईल? म्हणजे एकीकडे मका लावा म्हणून सांगायचे आणि दुसरीकडे त्याचा प्रतिस्पर्धी सरकारनेच उभा करायचा, असा हा प्रकार झाला.

बाजाराचे हे गणित शेतकऱ्याच्या हातात नाही. त्याच्या हातात आहे असे म्हटले जाते ते एकरी उत्पादन. आता तिकडे वळू.

कार्यक्षमता म्हणजे काय?

भारताची मक्याची सरासरी उत्पादकता हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास आहे, म्हणजे एकरी सुमारे १४ क्विंटल. जगाची सरासरी हेक्टरी सहा टनांच्या जवळ जाते. अमेरिका अकरा टनांच्या घरात आहे. पण अमेरिकेशी तुलना करून उपयोग नाही, तिथले हवामान, जमीन आणि भांडवल वेगळे आहे. उपयोगी तुलना एकाच शिवारातल्या दोन शेतांची असते. एका बांधावर २२ क्विंटल आणि दुसऱ्यावर १२ क्विंटल, हा फरक कुठून येतो?

अर्थशास्त्रात याला उत्पादनाची कार्यक्षमता म्हणतात. जमीन, बियाणे, खत, पाणी आणि मजुरी एवढ्या साधनांत जास्तीत जास्त जेवढे उत्पादन येऊ शकते, त्याच्या किती जवळ शेतकरी पोचतो, हे त्यात मोजतात. आफ्रिका आणि आशियातील मका उत्पादकांवर असे पुष्कळ अभ्यास झाले आहेत. त्यांत शिक्षण, कृषी विस्तार सेवेशी संपर्क, कर्जाची उपलब्धता, वेळेवर मिळणारी निविष्ठा आणि जमिनीचा हक्क हे घटक पुन्हा पुन्हा पुढे येतात.

या फरकाचा खिशावर परिणाम कसा होतो हे समजण्यासाठी एक नमुन्याचे गणित पाहू. समजा, एका शेतकऱ्याने एकराला २४,००० रुपये खर्च केला आणि १२ क्विंटल मका झाला. त्याचा खर्च क्विंटलला २,००० रुपये पडला. शेजाऱ्याने वेळेवर पाणी, खत आणि फवारणीसाठी ४,००० रुपये जास्त घातले, एकूण २८,००० झाले, पण उत्पादन २० क्विंटल आले. त्याचा खर्च क्विंटलला १,४०० रुपये. बाजारात दर १,७०० रुपये असेल तर पहिल्याला एकरी ३,६०० रुपये तोटा होतो आणि दुसऱ्याला ६,००० रुपये उरतात. दर तोच, बाजार तोच, शिवारही तेच. फरक पडला तो योग्य वेळी हातात असलेल्या चार हजार रुपयांनी आणि एका पाण्याने.

पहिला शेतकरी अडाणी आहे म्हणून हे घडले का? अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ मध्येच मांडले होते की पारंपरिक शेतकरी गरीब असतो, पण हातात असलेल्या साधनांचा वापर तो विचारपूर्वक करतो. आपल्या गावातले अनुभवही तेच सांगतात. कधी पाणी द्यायला हवे, कधी खुरपणी हवी, हे अल्पभूधारकाला नेमके माहीत असते. नेमके तेव्हा ते करणे त्याला जमत नाही, हा खरा पेच आहे.

पाणी : एक पाळी चुकली की

मक्याला सर्वांत नाजूक काळ तुरा आणि स्त्रीकेसर बाहेर पडण्याचा. पेरणीनंतर साधारण पन्नास ते साठ दिवसांचा हा काळ. त्या आठ-दहा दिवसांत जमिनीत ओल नसेल तर परागीभवन नीट होत नाही आणि कणसे अर्धवट भरतात. पुढे कितीही पाणी दिले तरी गेलेले दाणे परत येत नाहीत. सोलापुरात ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडणे नवीन नाही, आणि तो खंड नेमका या काळात गाठतो.

ज्याची स्वतःची विहीर आहे तो एक संरक्षित पाणी देतो आणि पीक वाचवतो. ज्याचा भावकीच्या विहिरीत चौथा किंवा आठवा हिस्सा आहे, तो आपली पाळी येईपर्यंत थांबतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेला शेतकरी आवर्तनाची वाट पाहतो आणि वरच्या उसाचे भागल्यावर उरेल तेवढे घेतो. वीज रात्रीची असेल तर दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबलेला माणूस रात्री बारे द्यायला जातो.

उलट टोकही आहे. मक्याला साचलेले पाणी चालत नाही. लहान रोपे दोन दिवस पाण्यात राहिली तरी पिवळी पडून खुजी होतात. सखल, निचरा न होणारी किंवा अगदी उथळ मुरमाड जमीन ज्याच्या वाट्याला आली, त्याचा उतारा पेरणीच्या दिवशीच कमी झालेला असतो. गावात कोणाच्या वाट्याला कसली जमीन आली, हा इतिहास आपल्याला नव्याने सांगण्याची गरज नाही.

बियाणे, खत आणि उधारी

मध्यम आणि उशिरा तयार होणाऱ्या मक्यासाठी ७५ बाय २० सेंटिमीटर अंतराची शिफारस आहे. त्या हिशेबाने एकरात २६ हजारांहून अधिक रोपे बसतात. खताची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश, शिवाय गरजेप्रमाणे जस्त. नत्र एकदम न देता पेरणीवेळी, महिन्याने आणि तुऱ्याच्या आधी असे विभागून द्यायचे.

हे सगळे करण्यासाठी जूनमध्ये हातात रोकड लागते. विकास सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज वेळेवर मिळाले तर शेतकरी दुकानदाराशी भाव करू शकतो. नाही मिळाले तर कृषी सेवा केंद्राची उधारी. उधारीवर घेणाऱ्याला वाण निवडता येत नाही. दुकानदार देईल ते बियाणे, सांगेल तो दर. युरियाची टंचाई असली की सोबत दुसरी उत्पादने गळ्यात मारली जातात, ज्याला बाजारात 'लिंकिंग' म्हणतात. मग पोटॅश आणि जस्त राहून जाते, नत्राचा दुसरा हप्ता पंधरा दिवस उशिरा पडतो, आणि रोपांची संख्या कमी राहते कारण बियाण्याची एक पिशवी कमी घेतलेली असते.

यातली प्रत्येक गोष्ट छोटी दिसते. पण रोपे दहा टक्के कमी, खत उशिरा, पाणी एक कमी, असे एकावर एक साचत जाते आणि २० क्विंटलचे १२ क्विंटल होतात.

लष्करी अळी : एकट्याच्या शेतात न जिंकता येणारी लढाई

अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली. काही महिन्यांतच, त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, ती सोलापूर जिल्ह्यातल्या मक्यावर दिसली. तेव्हापासून मक्याचा खर्चच बदलला. पूर्वी फवारणीशिवाय येणाऱ्या या पिकाला आता दोन-तीन फवारण्या लागतात.

ही अळी पोंग्यात शिरते. पेरणीनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत लक्ष ठेवले, पानावरची पांढुरकी खिडकीसारखी खूण ओळखली आणि पोंग्यात औषध पोचेल अशी फवारणी केली तर नियंत्रण होते. अळी मोठी झाल्यावर महागडे औषधही फारसे चालत नाही. म्हणजे इथे प्रश्न औषधाच्या दराइतकाच वेळेचा आणि माहितीचा आहे.

दुसरी अडचण सामूहिक आहे. एका शिवारात पेरणी महिनाभर लांबत गेली की अळीला सतत कोवळा मका मिळत राहतो. पतंग बांध ओळखत नाहीत. पाणी आणि पैसा उशिरा मिळाल्यामुळे जो उशिरा पेरतो, त्याच्या शेतावर आधीच्या सर्व शेतांत वाढलेली कीड येऊन पडते. कामगंध सापळे एकट्याने एका एकरात लावून फार काही साधत नाही. ते गावाने मिळून लावावे लागतात. कृषी विभागाच्या शेतीशाळा याच कामासाठी आहेत. पण शेतीशाळेच्या यादीत कोण असते? बहुधा खातेदार पुरुष. पोंग्यातली अळी रोज पाहणारी, खुरपणी करणारी बाई त्या यादीत क्वचितच असते.

स्वतःच्या शेताला रविवार

मक्यात पहिले ३० ते ४५ दिवस तण काढणे महत्त्वाचे असते. नेमक्या याच दिवसांत मोठ्या बागायतदाराकडेही मजुरांची गरज असते. ज्या कुटुंबाचे पोट दीड एकरावर भरत नाही, ते कुटुंब आठवडाभर दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाते आणि स्वतःच्या शेताला संध्याकाळ किंवा सुट्टीचा दिवस देते. रोजची मजुरी सोडली तर त्या दिवशी चूल कशी पेटणार?

त्यामुळे आपली खुरपणी उशिरा होते, तण खत खाऊन जाते आणि उतारा घटतो. अहवालात याची नोंद 'व्यवस्थापनातील त्रुटी' अशी होते. खरे तर ते कुटुंब गावातले सर्वांत कुशल मका पिकवणारे असू शकते. त्यांचे कौशल्य दुसऱ्याच्या शेतात वापरले जाते, एवढेच.

सातबाराचा उतारा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मराठीत पिकाच्या उत्पादनालाही उतारा म्हणतात आणि जमिनीच्या कागदालाही. या दोन उताऱ्यांचा संबंध कृषी खात्याच्या सल्ल्यात कधी दिसत नाही.

पीककर्ज, पीकविमा, ई-पीक पाहणी, हमीभाव खरेदी केंद्रावरची नोंदणी, ठिबकचे अनुदान आणि आता शेतकरी ओळख क्रमांक, या सगळ्यांची किल्ली सातबारा आहे. ज्याचे नाव सातबारावर नाही तो शेती करत असला तरी सरकारच्या दृष्टीने शेतकरी नाही. खंडाने किंवा वाट्याने जमीन करणारा हा पहिला गट. त्याचा करार तोंडी असतो. त्याने पिकवलेला मका हमीभावाने विकायचा तर मालकाच्या नावावर विकावा लागतो. नुकसान त्याचे होते आणि भरपाई मालकाच्या खात्यावर जमा होते.

दुसरा गट गायरान कसणाऱ्यांचा. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अनुसूचित जातींची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांची त्यामागे पुण्याई होती. तरीही पुराव्याअभावी अनेकांची नावे सातबारावर चढली नाहीत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणांबाबत निकाल दिला आणि राज्याचे धोरण आणखी कडक झाले. तीस-चाळीस वर्षे जमीन कसूनही ही कुटुंबे कर्जाला आणि विम्याला अपात्र आहेत.

तिसरा गट वतनाच्या जमिनीचा. १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याने महार वतने संपली. जमिनी शेतसाऱ्याच्या पटीत रक्कम भरून परत मिळाल्या, पण हस्तांतराच्या बंधनासह. आज त्या भोगवटादार वर्ग-२ मध्ये दिसतात. अशी जमीन बँकेकडे तारण ठेवण्याची तरतूद जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. पण 'वर्ग-२' हा शेरा पाहून अर्ज बाजूला ठेवला जातो, असा अनुभव गावोगावचे लोक सांगतात. त्याहून मोठी अडचण सामाईक खात्याची. एका सातबारावर पंचवीस-तीस वारसांची नावे, त्यातले निम्मे मुंबई-पुण्यात, काही हयात नाहीत. प्रत्यक्ष कसणाऱ्याला कर्ज, विहीर किंवा ठिबक हवे तर सगळ्यांच्या सह्या आणायच्या. तोवर हंगाम निघून जातो.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात सरासरी धारण क्षेत्र १.०८ हेक्टर होते. अनुसूचित जातींच्या खातेदारांचे ०.७८ हेक्टर. लोकसंख्येत सुमारे १६.६ टक्के असलेल्या अनुसूचित जातींच्या वाट्याला कसलेल्या जमिनीपैकी साडेआठ टक्क्यांच्या आसपास जमीन होती. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, ती १.३४ हेक्टरवर आली. तुकडे सगळ्यांचेच झाले. पण ज्याचा मूळ तुकडाच लहान आणि हलका होता, त्याचे काय उरले असेल?

बाबासाहेबांचा १९१८ चा निबंध आज का वाचावा

लहान शेती म्हणजे तोट्याची शेती, म्हणून जमिनी एकत्र करून मोठ्या करा, हा विचार शंभर वर्षांपूर्वीही जोरात होता. बडोदा संस्थानाची समिती आणि मुंबई इलाख्यातले अधिकारी त्याच दिशेने बोलत होते. १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यावरील उपाय या विषयावर निबंध लिहून या विचाराची तपासणी केली.

त्यांचा मुद्दा असा होता : जमीन लहान आहे की मोठी, हे नुसते एकर मोजून ठरत नाही. शेती किफायतशीर आहे की नाही हे जमीन, भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्या परस्पर प्रमाणावर ठरते. ज्याच्याकडे बैल आणि अवजारे अपुरी आहेत, त्याला आणखी जमीन दिली तर त्याची शेती सुधारण्याऐवजी बिघडेल. भारतात शेतीवर माणसांचा भार जास्त आणि भांडवल कमी आहे, म्हणून औद्योगिकीकरणातून हा भार कमी व्हावा, असे त्यांनी मांडले. पुढे १० ऑक्टोबर १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात लहान खातेदारांसंबंधीच्या विधेयकाला विरोध करताना त्यांनी सहकारी शेतीचा पर्याय पुढे केला. तुकडा ज्याचा त्याचाच राहील आणि शेती एकत्र होईल, अशी ती दिशा होती.

बैलाच्या जागी आज ट्रॅक्टर, पंप, मळणी यंत्र आणि वेळेवरचे कर्ज ठेवा. निबंधाचा निष्कर्ष सोलापूरच्या मक्याला जसाच्या तसा लागू पडतो. दीड एकर हा दोष नाही. दीड एकराला पाण्याची एक पाळी, जूनमधली रोकड आणि मका वाळवायला कोरडी जागा मिळत नाही, हा दोष आहे. ती साधने मिळाली तर लहान शेतकरी घरच्या श्रमावर मोठ्याच्या बरोबरीने, कधी त्याच्याहून जास्त पिकवतो.

काढणीनंतर होणारी गळती

हमीभाव खरेदीसाठी मक्यात ओलावा १४ टक्क्यांपर्यंत चालतो. खरिपाचा मका काढला जातो तेव्हा ओलावा त्याहून बराच जास्त असतो. परतीचा पाऊस असेल तर विचारूच नका. मोठ्या शेतकऱ्याकडे खळे, ताडपत्री आणि थांबण्याची ताकद असते. लहान शेतकरी डांबरी रस्त्याच्या कडेला मका पसरतो किंवा ओलाच विकतो. मग ओलाव्यापोटी कपात होते आणि हमाली, तोलाई, वाहतूक जाऊन हातात येणारा दर आणखी खाली येतो. बुरशी लागली तर पशुखाद्यवालाही घेत नाही.

यावर एक मार्ग काही शेतकऱ्यांनी स्वतःच शोधला आहे. दाणे चिकात असतानाच मका मुरघासासाठी टनावर द्यायचा. वाळवण नाही, मळणी नाही, ओलाव्याची कपात नाही आणि रान लवकर मोकळे होऊन रब्बी ज्वारीची पेरणी साधते. हे प्रत्येकाला जमेल असे नाही, गिऱ्हाईक जवळ लागते आणि पूर्ण झाड जात असल्याने जमिनीला शेणखत परत द्यावे लागते. पण ज्याला आपण अकार्यक्षम म्हणतो, तो शेतकरी किती बारकाईने हिशेब करतो, हे यातून दिसते.

महापुराने काय दाखवले

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोट या तालुक्यांत काढणीला आलेली पिके पाण्यात गेली, काही ठिकाणी माती खरवडून गेली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहूला हेक्टरी १८,५०० आणि हंगामी बागायतीला २७,००० रुपये, तीन हेक्टरच्या मर्यादेत. खरवडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामे.

मदत हेक्टरवर आणि सातबारावर मोजली जाते. अर्धा एकर करणाऱ्याच्या हाती कोरडवाहूच्या दराने चार हजार रुपयेही येत नाहीत. ज्याचे नाव सातबारावर नाही त्याच्या हाती काहीच येत नाही. त्यातच २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला पीकविमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर बांधली गेली. मंडळाची सरासरी चांगली आली तर नदीकाठच्या चार शेतांचे नुकसान त्या सरासरीत बुडून जाते. अशा वर्षानंतर पुढच्या हंगामात तो शेतकरी बियाण्यावर, खतावर कमी खर्च करणार हे उघड आहे, आणि पुढच्या वर्षीच्या कमी उताऱ्याचे बी तिथेच पडते.

सरकारने काय करावे, आपण काय करावे

योजना नाहीत असे नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. तिच्यातील नवीन विहिरीचे अनुदान अडीच लाखांवरून चार लाख करण्यात आले. पण विहिरीसाठी किमान एक एकर जमिनीची अट आहे, म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज तोच बाहेर. सौर कृषी पंपात अनुसूचित जातींना पाच टक्केच हिस्सा भरावा लागतो, पण पंपाला आधी पाण्याचा स्रोत हवा. भूमिहीनांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते, २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. मात्र जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला आठ लाखांची मर्यादा आहे. बाजारभाव त्याहून जास्त असेल तिथे विकायला कोण पुढे येणार? आणि जमीन मिळाली तरी सोबत पाणी आणि भांडवल नसेल तर बाबासाहेबांनी १९१८ मध्ये दिलेला इशाराच खरा ठरेल.

म्हणून आमच्या मागण्या नेमक्या आहेत. एक एकराखालील शेतकऱ्यांना दोघा-तिघांनी मिळून विहीर घेण्याची मुभा द्यावी. वर्ग-२ जमिनीवर पीककर्ज नाकारणाऱ्या शाखांकडून लेखी कारण मागावे. कसणाऱ्याच्या नावाची नोंद ई-पीक पाहणीत घेऊन खरेदी आणि नुकसानभरपाई त्याच्यापर्यंत पोचवावी. बाजार समितीच्या प्रत्येक उपआवारात ओलावा मापक आणि वाळवणीची सोय असावी. मका घेणाऱ्या इथेनॉल प्रकल्पांनी हमीभावापेक्षा कमी दराने खरेदी करू नये, अशी अट व्याज सवलतीला जोडावी.

आपल्या बाजूनेही काम आहे, आणि ते पुढच्या जूनआधी करण्यासारखे आहे. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहिमेत मयत खातेदारांच्या वारस नोंदी झाल्या. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी शुल्कही माफ झाले. ज्यांच्या वारस नोंदी आणि वाटण्या अजून राहिल्या आहेत त्यांनी तलाठी आणि भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून पोच घ्यावी. वाटणी करताना बहिणींची आणि कसणाऱ्या स्त्रियांची नावे सातबारावर आणावीत. शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्यावा.

गावोगावी आपली विहारे आहेत. रविवारच्या वंदनेनंतर तासभर कागदपत्रांना द्यावा. कोणाचा सातबारा कुठे अडला आहे, याची यादी शिकलेल्या मुलामुलींनी करावी. एका शिवारातल्या दहा-पंधरा जणांनी पेरणीची तारीख एक ठरवावी, बियाणे आणि खत एकत्र घ्यावे, सापळे मिळून लावावेत, मळणी यंत्र एकदाच बोलवावे, ताडपत्र्या आणि ओलावा मापक सामाईक घ्यावा, आणि माल एकाच गाडीत भरून न्यावा. पाच पोती घेऊन जाणाऱ्याला व्यापारी दर सांगतो. शंभर पोत्यांच्या गाडीला त्याला दर विचारावा लागतो. १९२७ मध्ये विधिमंडळात बाबासाहेबांनी सुचवलेली वाट हीच होती. त्यासाठी कुणाला आपला तुकडा सोडावा लागत नाही आणि कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

जय भीम!